ड्युटी नसताना

१२ नोव्हेंबर

आईने एप्रन घालायला साफ नकार दिला. "बिमार मान्साजवळ जाऊन राह्यली का मी, का शाळेत चपराशी लागली?" असे म्हणाली, आणि तेही सगळ्या बायकांसमोर. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. माझे अर्धे ट्रेनिंग तिथेच वाया गेले.

लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी विचारले तर पेशंटजवळ बसण्याची आमची ही 'सोबत' सेवा कशी सुरू झाली ते सांगता येईल. नागपूरचे कॉल सेंटर बंद पडले आणि मी सिंदी मेघेला आईकडे परत आले. सावंगीचा मोठा दवाखाना इथून जवळ. चार जिल्ह्यांतून पेशंट येतात. त्यांची मुले पुण्याला, बंगलोरला. खाटेजवळ बसायला कुणी नसते. आणि आमच्या वस्तीतल्या बायका जन्मभर तेच तर करत आल्या आहेत. वस्तीतले कुणी भरती झाले की पाळीपाळीने 'बसाले' जायचे. घरून डबा न्यायचा, पेशंटबरोबर त्याच डब्यातले चार घास खायचे, इकडचे तिकडचे बोलायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. कुणी बोलवत नाही, कुणी आभार मानत नाही. माझी आई, तानाबाई, यात सगळ्यांत पुढे. तिच्या गुडघ्यांची वाट लागली ती दवाखान्याचे जिने चढूनच.

मला याचीच चीड येते. आमच्या बायांनी केले की ती माया, आणि तेच एखाद्या एजन्सीने केले की सर्विस. म्हणून आता रेट ठरवला आहे, शिफ्ट आहे, गुलाबी एप्रन आहे, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. नियमही केले. एका खाटेजवळ एकच बाई बसेल. पेशंटच्या डब्यातले काही खायचे नाही, आपला डबा बाहेर जाऊन खायचा. घरची रडगाणी सांगायची नाहीत. आणि भाषा नीट हवी. "पानी पेतं का वं माय" नाही, "आपल्याला पाणी देऊ का?" वस्तीतल्या काजलकडून हे तीनदा म्हणून घेतले, तिन्ही वेळा तिला हसू फुटले. शकुमावशी, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी आईची मैत्रीण, म्हणाली, "असं बोलनाऱ्या बाईले पानी मांगाले भेव वाटन वं."

मी म्हटले, भेव नाही वाटत मावशी, वजन वाटते.

१९ नोव्हेंबर

पहिले गिऱ्हाईक मिळाले. देवळीकडच्या आनंदाबाई, गुडघ्याचे ऑपरेशन. मुलगा सचिन पुण्याला असतो, त्याने फोनवरून बुक केले. वडील किसनराव शेतावर, कापूस वेचणीला आलेला. काजलला ड्युटी लावली.

संध्याकाळी काजलने सगळे सांगितले. आनंदाबाईंनी आधी तिचे नाव विचारले, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. काजलने शिकवल्याप्रमाणे विचारले, आपल्याला पाणी देऊ का? त्या म्हणाल्या, दे. आणि प्यायल्या.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी लहान असताना आईने शेजारच्या खाटेवरच्या एका बाईला पाण्याचा ग्लास पुढे केला होता. त्या बाईच्या नणंदेने पाणी मोरीत ओतले, ग्लास विसळला आणि स्वतःच्या तांब्यातले पाणी भरून दिले.  घरी येऊन आई संध्याकाळभर भांडी आपटत होती. आईच्या फुकटच्या मायेला जे जमले नाही ते काजलच्या रेटने करून दाखवले. पैसे देऊन घेतलेल्या पाण्याला कुणी जात विचारत नाही. आईला हे सांगितले तर म्हणाली, "प्याली का? बरं झालं. तहान लागली असन."

तिला कशाचे कौतुकच नाही.

२३ नोव्हेंबर

आनंदाबाईंचा फोन. मला वाटले काहीतरी बिनसले. म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय तुमची, पन माह्या डब्यातलं एक घासबी घेत नाई. म्या दोनदा म्हटलं. माह्या घरचं तिले चालत नाई का?"

मी हात तोंडावर ठेवून हसू दाबले. आमच्या हातचे चालते का, हा प्रश्न आजवर आम्हाला पडायचा. आता त्यांना पडला आहे. नियम समजावून सांगितला. त्या "बरं" म्हणाल्या, पण आवाज पडलेला होता. ग्रुपवर काजलसाठी टाळ्या टाकल्या.

दुपारी कळले की आई गेले दोन दिवस चोरून आनंदाबाईंकडे जाते. विहारात जातो म्हणून निघते आणि ऑटोने थेट सावंगीला. डबा घेऊन. काजल डबा खायला बाहेर गेली की ही आत जाऊन बसते आणि दोघी एका डब्यात जेवतात. काजलने आपणहून सांगितले नसते, पण विचारल्यावर तिला खोटे बोलता येत नाही.

घरी चांगलीच जुंपली. मी म्हटले, तिथे काजलची ड्युटी आहे. तू फुकट बसलीस तर उद्या सचिन म्हणेल, म्हातारी फुकट येते तर मी पैसे कशाचे देऊ? आई म्हणाली, "मी कोनाची ड्युटी करून राह्यली? ते बाई एकटी जेवत होती."

"तिने पैसे भरले आहेत आई."

"जेवाचे नाई न भरले."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वॉर्डात शिरायचा तिचा पास लपवून ठेवला.

९ डिसेंबर

काजलने स्वतःच्या पैशाने मुलीला सायकल घेतली. नवऱ्याला विचारले नाही, सांगितले. वस्तीत दिवसभर हाच विषय होता. नवरा म्हणे चूप बसला. मला रडू आले, कबूल करते. आई काही म्हणो, मी जे करते आहे ते बरोबर आहे.

२० डिसेंबर

आज डोके फुटायची वेळ आली होती. वस्तीतल्या रूपरावकाकांची बायको भरती आहे. त्यांच्या मुलाने आमच्या ग्रुपमधल्या मीराबाईला रीतसर बुक केले. चार दिवसांची ड्युटी. दुसऱ्या दिवशी शकुमावशी डबा घेऊन तिथे पोचली, सवयीने. तिसऱ्या दिवशीही. मुलाने मीराबाईला सांगितले, आमची शकुमावशी आहे, तुम्ही उद्यापासून येऊ नका.

मीराबाईचे काय चुकले? तिने त्या पैशांवर थंडीची रजई घ्यायची ठरवली होती. ती शकुमावशीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिचा नवराही आला. तीस वर्षे एकमेकींच्या बाळंतपणांना धावलेल्या बायका, आणि आज सगळी वस्ती गोळा झाली होती.

मी मीराबाईची बाजू घेतली. शकुमावशीला तोंडावर सांगितले, "मावशी, तुमच्यासाठी ही हौस आहे, तिच्यासाठी पोट आहे. तुम्ही फुकट बसून तिच्या पोटावर पाय देता."  मावशी हातातली डब्याची पिशवी घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतले.

ग्रुपवर मोठ्या अक्षरांत लिहिले: ड्युटी नसताना कुणीही कुणाच्याही पेशंटजवळ बसू नये. मग तो पेशंट नात्यातला असो की वस्तीतला. अर्ध्या तासात सगळ्यांचे अंगठे आले. एक प्रश्न मिटला.

आईला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग आता आपल्यातलं कोनी बिमार पडलं तं?"

"तर ड्युटी लावू. एक फोन केला की बाई हजर."

ती खडे बाजूला काढत राहिली.

६ जानेवारी

आई पडली. सकाळी मोरीच्या पायरीवर शेवाळ होते, हातात बादली. मी फोनवर होते, बोरगावच्या पेशंटची शिफ्ट लावत होते. धप्प आवाज आला. खुब्याचे हाड मोडले आहे. सावंगीलाच नेले. परवा ऑपरेशन.

८ जानेवारी

ऑपरेशन नीट झाले. रॉड टाकला. मी बाहेरच्या बाकावर बसून हात चोळत होते. ग्रुपवर बातमी टाकली. पन्नास अंगठे आणि हात जोडलेली चित्रे आली. काजलला दिवसाची ड्युटी लावली, माझी सगळ्यांत चांगली मुलगी. आईला उत्तम तेच मिळायला हवे. रात्री मी स्वतः.

१० जानेवारी

आई जेवत नाही. भूल उतरायला वेळ लागतो, नर्स म्हणाली. आज पेज दिली तर दोन चमचे घेतली आणि तोंड फिरवले. काजल तिला म्हणते, "मोठीमाय, आपण थोडे खाऊन घ्या ना." आई तिच्या एप्रनकडे बघते आणि म्हणते, "तुमी जा बाई, तुमचा टाइम झाला असन." काजलला लहानपणी आईने कडेवर खेळवले आहे. तिला 'तुमी बाई'. काजल बाहेर येऊन रडली.

मला वाटते भूल अजून डोक्यात आहे.

दुपारी फाटकाजवळ शकुमावशी दिसली. हातात ती पिशवी. मला पाहून वळली आणि ऑटोच्या रांगेकडे गेली. बीपीची गोळी न्यायला आली असणार. विचारायला वेळ नव्हता, आणि खरे तर मनही नव्हते. डिसेंबरपासून ती माझ्याशी बोलत नाही. पण राग माझ्यावर आहे, आईवर तर नाही. आत येऊन एकदा बघून गेली असती तर काय झिजली असती?

१२ जानेवारी

चार घास पोटात नाहीत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. हाड छान बसले आहे, पण आजींना खायला हवे आणि उठून बसायला हवे. या वयात माणूस पडून राहिला की छातीत कफ भरतो, मग आमच्या हातात फार राहत नाही. चांगला माणूस होता डॉक्टर, समजावून सांगत होता, पण मला त्याच्या बोटातली अंगठीच दिसत होती, शब्द मागून येत होते.

नाकातून जेवणाची नळी टाकू शकतो म्हणाले. दोन दिवस बघू.

मी आईजवळ बसले आणि म्हटले, आई, तू का खात नाहीस? मला सांग.  ती छताकडे बघत म्हणाली, "कोनी आलं नाई न वं."

"काजल आहे ना. मी आहे."

"काजल ड्युटीवर हाय. तू घरची." मग म्हणाली, "मी कोनाजवळ नाई बसली सांग. रूपरावच्या बायकोपाशी बसली, मीराच्या सासूपाशी बसली. शकुचा नवरा गेला तवा शेवटचं पानी म्या पाजलं. मान्साजवळ बसाले कोनी येत नसन तं समजाचं, त्याचं सपलं."

तिला शांत आवाजात हे म्हणता आले. मला ऐकवत नव्हते. मी चमचा पुढे केला तर तिने ओठ मिटून घेतले, हट्टाने नाही, दमल्यासारखे.

मला वस्तीचा भयंकर राग आला आहे. पन्नास अंगठे, आणि माणूस एक नाही. आईने जन्मभर ज्यांची उष्टी काढली त्यांना एक दिवस ऑटोचे भाडे जड झाले? याच लोकांसाठी मी नागपूरला मिळत असलेली दुसरी नोकरी नाकारली.

१३ जानेवारी

मान खाली घालून ग्रुपवर लिहिले: आईजवळ बसायला कुणी येऊ शकेल का? तिला माणसे हवी आहेत.

मीराबाईचे उत्तर पहिले आले. 'ताई मी रिकामी आहे. डबल ड्युटी चालेल का.' मग एकीने विचारले, 'कोणत्या शिफ्टला.' मग एकीने, 'एप्रन धुवायला टाकला आहे साधी साडी चालेल का.' मग अंगठे.

वाईट एकही बोलली नाही. सगळ्या तयार होत्या. मी फोन पालथा ठेवला.

१४ जानेवारी

आज शकुमावशीच्या दारात गेले. भांडायलाच गेले होते, खोटे कशाला लिहू. संक्रांतीचे तिळगूळ कुणाकुणाच्या घरी चालले होते आणि मी रस्त्यात कुणाकडे बघितले नाही. मावशी चुलीपाशी भाकरी थापत होती.

म्हटले, "मावशी, माझी आई मरून राह्यली तिकडे. अन् तुम्ही घरी भाकरी थापता." नागपुरात सहा वर्षे घासून काढलेली भाषा एका वाक्यात गेली. मावशीने तव्यावरची भाकरी उलटली.

"कोनासाठी थापतो मी?" ती म्हणाली.

पिशवी कोपऱ्यात होती. डबा उघडाच होता, तिखट पिठल्याने भरलेला. आई आजारी पडली की तिला तेच लागते.

"मी रोज येतो फाटकापाशी. तानाचं वार्ड कोनतं तेबी मले माहीत हाय. पन वर काजल हाय. मी वर जाऊन बसली अन् तुले वाटलं आता काजलची काय गरज, तं? तिच्या पोरीची फी बाकी हाय. तिच्या पोटावर मी पाय देऊ?" माझेच शब्द. तिने ते जसेच्या तसे जपून ठेवले होते. "म्हनून येतो, उभी राह्यतो अन् वापस जातो. दुसऱ्याबी दोघी-तिघी येऊन गेल्या. फाटकापाशीच भेटतो आम्ही."

मी खाली बसले. तिथेच, चुलीसमोर. फाटकाबाहेर माझ्या आईसाठी बायका उभ्या राहत होत्या आणि आत माझी आई स्वतःला संपलेली समजत होती. आणि मधे काय होते? कुणाचा कंजूषपणा नाही, कुणाचे वैर नाही. माझा नियम, आणि त्याचा त्यांनी ठेवलेला मान.

"चला मावशी. आता चला माझ्याबरोबर. मी सांगते ना."

तिने मान हलवली. "तू बोलावून राह्यली न, मंग ते ड्युटीच झाली. बसाले कोनी बोलावत नसते पोरी. बोलावल्यावर गेलेल्या बाईले ताना वळखन. तिले फसवू नको."

मग म्हटले, काजलला काढते. मावशी एकदम कडक झाली. "अन् तिच्या पोरीले मी काय सांगू?"

मी घरी आले. यातून कोणत्या वाटेने निघावे ते समजत नाही. काजलला काढावे तर तिच्यावर अन्याय, ठेवावे तर आई जाते, बोलवावे तर कुणी बसायला आले असे होत नाही. हे सगळे मी चार ओळींत बांधले होते आणि किती नीटनेटके दिसत होते.

१५ जानेवारी

उद्या नळी टाकणार आहेत. आई आज माझ्याशीही बोलली नाही. छातीत घरघर ऐकू येते.

१६ जानेवारी

सकाळी नळीसाठी सही केली. नर्स म्हणाली, चारनंतर टाकू.

चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली. मी खाटेजवळ उभी, काजल स्टुलावर. वॉर्डच्या दारात वॉकरचा खटखट आवाज. वर पाहिले तर देवळीच्या आनंदाबाई. एक हात वॉकरवर, दुसरा हात शकुमावशीच्या खांद्यावर.

माझ्या तोंडून पहिले काय निघावे? "तुम्हाला कुणी पाठवलं?" मला खरेच वाटले सचिनने काही बुक केले असेल आणि माझ्या नजरेतून सुटले.

"कोन पाठवन?" त्या म्हणाल्या. "गुडघा दाखवाले आलतो. खाली ह्या बाई दिसल्या पिशवी घेऊन. बोलता बोलता सिंदी मेघेच्या निघाल्या, मंग इचारलं, तानाबाईचं घर कुठी हाय? तं म्हनाल्या ताना वर भरती हाय. मंग म्या म्हटलं चाला, बसाले जाऊ. तं ह्या येऊनच नाई राह्यल्या. म्या म्हटलं, मले जिना कोन चढवन? चाला." 

शकुमावशी माझ्याकडे बघत नव्हती. वॉकरच्या पायाकडे बघत होती, जणू तिची ड्युटी फक्त वॉकर धरण्याची होती.

काजल स्टुलावरून उठली. आनंदाबाई धपकन बसल्या, दुखऱ्या पायाला हाताने नीट केले आणि आईच्या कपाळावर हात ठेवला. "काय वं तानाबाई. माह्या टायमाले तं दोन भाकरी ठोसत होती. आता काऊन अशी पडली?"

आईने डोळे उघडले. आनंदाबाईंना पाहिले, मग त्यांच्या मागे शकुमावशीला.  डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेले.

आनंदाबाईंनी आपला डबा काढला. दवाखान्यात दिवस जाणार म्हणून त्यांनी तो घरून आणला होता. ज्वारीची भाकरी आणि सोलेभाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची. शकुमावशीने आपले पिठले उघडले. आनंदाबाईंनी भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि आधी स्वतः खाल्ली. मावशीच्या डब्यातले पिठले, आमच्या वस्तीतल्या चुलीवरचे. मी मावशीच्या तोंडाकडे पाहिले, मावशी आईच्या तोंडाकडे पाहत होती. मग आनंदाबाईंनी दुसरा तुकडा आईच्या हातात दिला. भरवला नाही, हातात दिला.

 आईचा हात तुकड्यासकट पोटावर पडून राहिला. मग हळूहळू वर आला. तिने चावायला फार वेळ लावला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"तं घरी येऊन तूच करजो," शकुमावशी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

आईने अर्धी भाकरी खाल्ली. नळी टाकायला आलेली नर्स ट्रे हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. काजल भिंतीला टेकून उभी होती. तिने हळूच एप्रनच्या गाठी सोडल्या, तो पिशवीत कोंबला आणि खाली फरशीवर बसून मावशीच्या डब्यात हात घातला. मी तिला पाहिले, तिने मला पाहिले. मी दुसरीकडे बघितले.

२१ जानेवारी

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली आहे. देवळीची बाई येऊन बसते आणि आपण फाटकाबाहेर उभ्या, हे वस्तीला झोंबले असे मावशी सांगते. पास एकच, त्यामुळे खाली वॉचमनशी रोज भांडण. मीराबाई आली, शकुमावशीच्या बाजूला बसली, दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत पण एका डब्यात जेवल्या. आई आज वॉकर धरून उभी राहिली.

काजलचे पैसे मी दिले, सगळ्या दिवसांचे. सोळा तारखेचे चारनंतरचे तिने घेतले नाहीत. म्हणाली, "त्या दिवशी चारपर्यंतच ड्युटी होती ताई." मी ते परत ठेवले.

२ फेब्रुवारी

आई घरी आहे आणि हुकूम सोडते आहे. ग्रुपवरचा जुना नियम बदलायला बसले. तीनदा लिहिले, तीनदा पुसले. 'बसायला हरकत नाही' असे लिहिले तर ती परवानगी झाली. परवानगी घेऊन बसायला कोण जाते? आणि काहीच लिहिले नाही तर उद्या पुन्हा एखाद्या मीराबाईची रजई जाईल. हे कसे लिहितात ते मला येत नाही.

१८ फेब्रुवारी

आनंदाबाईंचा दुसरा गुडघा. काल ऑपरेशन झाले. सचिनने पुण्याहून बुक केले होते, मी काजलला लावले.

सकाळी आई म्हणाली, "आज जाजो तिच्याजवळ."

म्हटले, काजल आहे.

"काजल असू दे. मी चालू शकत नाई म्हनून तुले सांगून राह्यली. अन् येतो म्हनून फोन करू नको." तिने भाकरी माझ्याकडून थापून घेतल्या. दोन जाड, एक फाटलेली. पिठल्यात मीठ तिने स्वतः टाकले.

दवाखान्याच्या जिन्यावर मी दोनदा थांबले. शेकडो वेळा चढले आहे तो जिना, ड्युट्या तपासायला. आज हातात डबा होता आणि काय बोलायचे ते माहीत नव्हते. वॉर्डच्या दारात थांबले. आनंदाबाई डोळे मिटून पडलेल्या. काजल गुलाबी एप्रनमध्ये स्टुलावर ताठ बसलेली. मला पाहून ती गडबडून उठली.

"ताई, तुम्ही? आज माझीच ड्युटी आहे ना?" तिच्या चेहऱ्यावर भीती होती. ती भीती मी तिथे ठेवली आहे, मला ओळखू आली.

"हो. तुझीच आहे," मी म्हटले. "मी बसाले आली."

काजलने माझ्या डब्याकडे बघितले. मग परत स्टुलावर बसली आणि एका बाजूला सरकली. अर्ध्या जागेवर मी बसले.